त्या पोऱ्यास्ले बंदुका कोन दिन्ह्यात? : खान्देशच्या खासदारांना एका निवृत्त सुभेदाराचं खुलं पत्र

प्रति,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार मतदारसंघांचे माननीय खासदार,
लोकसभा, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला एक निवृत्त सुभेदार. १९८२ साली भरती झालो, पायदळात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यातली दोन वर्षं श्रीलंकेत गेली, शांतिसेनेत. आता गावात असतो. कापूस, दादर ज्वारी आणि थोडा हरभरा, एवढं माझं काम. पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र पलटणीचं नाही. माझं एकट्याचं आहे.

लिहायला कारण घडलं ते आमच्या गावच्या पारावर. सात-आठ पोरं रोज पहाटे भरतीसाठी पळतात. पळून आली की पारावर दम खात बसतात. मीही तिथंच असतो. त्या दिवशी मोबाइलवर कसलीशी चर्चा चालू होती, बलुचिस्तानची. एक पोरगा मला म्हणाला, "नाना, आपन बी त्यास्ले बंदुका द्याले पाहिजेत. पाकिस्तान आपलाकडे धाडस, आपन तिकडे धाडूत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोरगा गुणी आहे, आईबापाला शेतात मदत करतो, उद्या वर्दी घालेल. तो जे बोलला ते त्यानं कुठूनतरी ऐकलेलं होतं आणि ऐकवणाऱ्याला टाळ्या पडलेल्या होत्या.

बलुचिस्तानातल्या बंडखोरांना भारत बंदुका देतो, हा आरोप पाकिस्तान वर्षानुवर्षं करतो आणि आपलं सरकार तो साफ नाकारतं. मी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवूनच हे लिहितो आहे. माझी काळजी त्या टाळ्यांची आहे. आज जी मागणी पारावर होते ती उद्या सभेत होते, परवा तिचं धोरण होतं. आणि हे धोरण आपण श्रीलंकेत एकदा राबवून बसलो आहोत. राबवताना मला कुणी विचारलं नाही. निस्तरायला मात्र मला पाठवलं. म्हणून बोलायचा हक्क माझा आहे असं मी समजतो.

१९८७ च्या ऑक्टोबरात आमची पलटण श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्यात उतरली. आपल्याकडं त्या दिवसांत पाऊस उघडून कापूस फुटायला लागलेला असतो, तिथं पावसाला सुरुवात होते. ताडाची झाडं, ताडाच्याच झावळ्यांची कुंपणं, अरुंद गल्ल्या आणि परड्यापरड्यात विहीर. कुंपणापलीकडून कोण बघतंय ते कळायचं नाही. आमच्या हातात लांब एस.एल.आर. रायफल, समोरच्याकडं एके-४७. आणि समोरचा म्हणजे कोण? ज्याच्या रक्षणासाठी आलो असं आम्हाला सांगितलं होतं, त्याच तमिळ घरातला पोरगा.

एका दुपारी विहिरीच्या कठड्याआड एक जखमी पोरगा सापडला. मांडीत गोळी घुसलेली. गळ्यात काळ्या दोऱ्याला सायनाईडची कुपी होती, ती आमच्या हवालदारांनी आधीच तोडून घेतली. वय फार तर वीस. मी पट्टी बांधायला वाकलो. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "उस्ताद, पानी."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. रंगरूट पहिल्या दिवसापासून उठता-बसता हा शब्द घेतो. जाफन्याच्या खेड्यातला तमिळ पोरगा हा शब्द घरी शिकत नाही, शाळेत शिकत नाही. हा शब्द परेडच्या मैदानावर कानात बसतो आणि मग मरेपर्यंत जात नाही. मी विचारलं, "हिंदी कहाँ सीखा?" तो म्हणाला, "देहरादून." पाणी प्यायला, थोडा थांबला आणि पुढं म्हणाला, "बहुत ठंडी था, उस्ताद."

त्या क्षणापर्यंत मी त्याला दुश्मन समजत होतो. तो माझ्याच शाळेतला निघाला. त्याला बंदूक खोलायला-जोडायला शिकवणारा माझ्यासारखाच कुणी हवालदार असणार, मराठी असेल, गढवाली असेल. त्या थंडीत त्यानं या पोराला कांबळंही दिलं असेल. ॲम्ब्युलन्स आली, पोराला घेऊन गेली. पुढं त्याचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. त्या रात्री पहाऱ्यावर उभा असताना पहिल्यांदा माझ्या मनात शंका आली. फौजीच्या मनात शंका आली की तो ती कुणाला सांगत नाही. मीही सांगितली नाही.

नंतर कळत गेलं ते असं. जुलै १९८३ मध्ये वाघांनी, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनं, जाफन्यात तेरा श्रीलंकन सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, माणसं रस्त्यावर मारली गेली. हजारो निर्वासित होड्यांतून रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले. आपल्याकडं संताप होता आणि तो खरा होता. सरकारनं एका हातानं वाटाघाटी चालवल्या आणि दुसऱ्या हातानं, गुपचूप, तमिळ बंडखोर पोरांना शिकवायला घेतलं. तमिळनाडूत छावण्या होत्या, देहरादून-चक्राताच्या बाजूला होत्या. एकच संघटना नव्हती, पाच होत्या : एलटीटीई, टेलो, इरॉस, प्लॉट आणि ईपीआरएलएफ. यातली कुणी कुणाचं ऐकणारी नव्हती. १९८६ च्या मे महिन्यात एलटीटीईनं टेलोची माणसं वेचून मारली, तिच्या पुढाऱ्यासकट. दोघांनाही आपणच हाताशी धरलेलं होतं. त्याच दिवशी दिल्लीत कुणीतरी हिशेब मांडायला हवा होता की आपण दिलेली बंदूक कुणाकडं वळते आहे.

पुढच्याच वर्षी, ४ जून १९८७ रोजी आपल्या हवाई दलाच्या विमानांनी वेढ्यात सापडलेल्या जाफन्यावर धान्याची पोती टाकली. २९ जुलैला कोलंबोत करार झाला. आपले पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी सह्या केल्या, आणि आपली फौज बंडखोरांची शस्त्रं गोळा करायला तिथं गेली. म्हणजे ज्यांना शिकवलं त्यांच्याचकडून बंदूक काढून घ्यायला. पहिल्या आठवड्यांत तिथल्या बायाबापड्यांनी आपल्या जवानांना हार घातले. थोडी शस्त्रं जमा झाली, बरीचशी झाली नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान उतरले, त्यातले २९ मारले गेले. ही बातमी आम्ही पोचलो त्या दिवशी लंगरमध्ये कळली. जेवण तसंच राहिलं.

२५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या पलटणीत आपल्या महाराष्ट्रातली पोरं होती. अडीच वर्षांत सुमारे १२०० जवान गेले, जखमी त्याच्या दुपटीहून जास्त.

आणि जे आपल्याकडून घडलं तेही लिहायला पाहिजे, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, आपल्या तुकड्या जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात शिरल्या. तिथं रुग्ण, डॉक्टर, नर्स अशी साठेक माणसं गोळ्यांनी मेली. मी तिथं नव्हतो. पण वर्दी तीच होती. समोर कोण मित्र, कोण शत्रू हेच ज्याला ठाऊक नाही अशा फौजेला अनोळखी गावात सोडलं की असं घडतं, हे मी स्वतः त्या गल्ल्यांतून चाललो म्हणून सांगतो. समर्थन म्हणून सांगत नाही.

आता माझ्या जोडीदाराबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. तो शिंदखेडा तालुक्यातला. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच डब्यातून सुटीवर यायचो. भुसावळला गाडी बदलायची, तिथं उतरलो की तो आधी केळी घ्यायचा आणि म्हणायचा, घर आलं. १९८८ च्या फेब्रुवारीत रस्त्यावरच्या एका मोरीखाली पेरलेला सुरुंग फुटला, तेव्हा तो पहिल्या गाडीत होता आणि मी तिसऱ्या. रस्त्याला विहिरीएवढा खड्डा पडला होता. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

तेव्हा पडलेल्या जवानाचा देह घरी आणायची रीत नव्हती, ती कारगिलपासून पडली. अग्नी तिथंच दिला. मी सुटी घेऊन अस्थी आणि त्याची काळी ट्रंक घेऊन आलो. मुडावदला पांझरा तापीला मिळते तिथं त्याच्या भावानं अस्थी सोडल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर होती. गावातल्या लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, आणि आम्ही ट्रंक घेऊन त्या झोक्यांखालून गेलो. पोरी गाणं म्हणायच्या थांबल्या.

त्याची माय ओट्यावर बसली होती. रडून झालं होतं तिचं. तिनं मला आधी जेवू घातलं, कळण्याची भाकर आणि ठेचा. मग विचारत राहिली. कसा होता मुलूख, काय खायचा तो, समोर कोण होतं. मी म्हटलं, माय, अठरा-वीस वर्षांची पोरं होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोऱ्यास्ले बंदुका कोन दिन्ह्यात?"

मला उत्तर माहीत होतं. विहिरीपाशी मला ते मिळालेलं होतं. मी म्हटलं, "माले मालूम नई, माय." मी खोटं बोललो. तिच्या पोराच्या अस्थी सोडून आलेला हात अजून ओला होता आणि मी तिच्या घरात बसून खोटं बोललो. वर्दीत असताना सरकारचं गुपित बोलायचं नसतं, ही शिस्त मला मान्य होती आणि आजही आहे. पण ती माय काही परदेशी हेर नव्हती. तिनं एक पोरगा दिला होता आणि एक प्रश्न विचारला होता.

सुटी संपली, मी परत गेलो. आणि पुढच्या वर्षी जे पाहिलं, त्यानं मला जास्त पोखरलं.

१९८९ साली आपण परत निघायच्या तयारीत होतो. वाघ संपले नव्हते. मग दिल्लीत ठरलं की तिथल्या, ईपीआरएलएफच्या प्रांतिक सरकारच्या मदतीला 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी करायची. म्हणजे पुन्हा तेच. एका बंडखोर गटाला दिलेल्या बंदुकीनं हात पोळला, म्हणून दुसऱ्या गटाला बंदूक द्यायची. आमची पलटण तेव्हा पूर्वेला बट्टिकलोआच्या भागात होती. मी तेव्हा नायक या हुद्द्यावर होतो. मला आणि आणखी तिघांना हुकूम आला की या पोरांना हत्यार शिकवा.

पोरं स्वखुशीनं आलेली नव्हती. त्या गटाची माणसं त्यांना बसमधून, शाळेच्या वाटेवरून उचलून आणायची. एका पोराच्या हातात आला तेव्हा वही होती. ती त्यानं शेवटपर्यंत शर्टाच्या आत ठेवली. वय विचारलं तर बोटं दाखवून सतरा म्हणाला, मला तो पंधराच्या वर वाटला नाही. पायात फौजी बूट दोन नंबर मोठे, पुढं काथ्या कोंबलेला. मी त्याला नेम धरायला शिकवलं. बट खांद्याला घट्ट, श्वास रोख, ट्रिगर ओढू नको, दाब. हिंदी त्याला येत नव्हती, पण चार दिवसांत एक शब्द आला. तो मला उस्ताद म्हणायला लागला.

दुसऱ्यांदा एका तमिळ पोराच्या तोंडून मी तो शब्द ऐकला. पहिल्या वेळी मी म्हणू शकत होतो की तो शब्द याला दुसऱ्या कुणीतरी शिकवला.

महिन्याभरात आमचा निघायचा हुकूम आला. ट्रक लागले. ती पोरं छावणीच्या फाटकावर रांगेत उभी केली होती. काथ्याच्या बुटातल्या पोरानं मला सॅल्यूट केला, बरोबर केला, जसा शिकवला होता तसा. मी ट्रकच्या मागच्या फळीवरून बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाचता येत होतं. तो विचारत होता, तुम्ही चाललात, मग आम्ही? आम्ही गेल्यावर वाघांनी त्या छावण्या एकेक करून घेतल्या. शेकड्यांनी पोरं मारली गेली, अनेकांनी तर शरण येऊन जीव गमावला. त्या गटाचे पुढारी मात्र सुखरूप भारतात पोचले. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून आपली शेवटची तुकडी निघाली.

खासदारहो, आपण एक गोष्ट ध्यानात घ्या. फौजेत चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, झाली की रिकामा खोका, म्हणजे झाडलेल्या गोळीची पुंगळी, मोजून जमा करावा लागतो. शंभर गोळ्या झाडल्या तर शंभर खोके. एक कमी पडला तर सगळी प्लाटून गवतात रांगत शोधते, अंधार पडला तर टॉर्च लावून शोधते. मी स्वतः एका खोक्यासाठी दोन तास काट्यांत हात घातलेला आहे. आपल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलीची काडतुसं बनतात. तिथं कामाला असलेल्या आपल्या माणसांना विचारा, तिथला हिशेब किती कडक असतो ते. एका पितळी पुंगळीचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या देशानं परक्या पोरांच्या हातात दिलेल्या बंदुकांचा हिशेब संसदेला कधी दिला? कुणाला दिल्या, त्यांचं काय झालं, कुणी परत केल्या?

त्या बेटावर हिशेबाची काय दशा झाली बघा. आपण एलटीटीईला शिकवलं, मग तिच्याशी लढलो. आपण परत जावं म्हणून श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी त्याच एलटीटीईला गुपचूप शस्त्रं दिली, आपल्या जवानांवर चालवायला. आपण निघून तीन महिने होत नाहीत तोच एलटीटीईनं प्रेमदासांच्याच शेकडो पोलिसांना शरण आल्यावर मारलं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले. १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासा गेले. दोघांनाही एलटीटीईच्याच मानवी बॉम्बनं मारलं.

मला माहीत आहे की लगेच कुणीतरी १९७१ चं नाव घेईल. तेव्हाही आपण मुक्तिवाहिनीला शिकवलं, शस्त्रं दिली, आणि बांगलादेश झाला. माझे चुलते त्या लढाईत होते. मी त्या लढाईला नावं ठेवणार नाही. पण फरक बघा. तिथं आधी निवडणूक झाली होती. मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या होत्या. बंदूक ज्यांना दिली त्यांच्या डोक्यावर लोकांनी निवडलेलं सरकार होतं. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या दारात होते. डिसेंबरात आपली फौज उघडपणे, वर्दीत, जगाला सांगून उतरली आणि १९७२ च्या मार्चमध्ये परत आली. शिकवलेल्या पोरांना फाटकावर सोडून आली नाही. आणि एवढं सगळं जमून आल्यावरसुद्धा १९७५ च्या ऑगस्टमध्ये मुजीबुर रहमान यांना घरात घुसून मारलं गेलं. मारणाऱ्या अधिकाऱ्यांत मुक्तियुद्ध लढलेले लोक होते.

आपल्या खान्देशच्या मातीला तर हे सांगायची गरज नसावी. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला इंग्रजांनी ज्याला नेमलं, त्या खाज्या नाईकानंच १८५७ साली त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचललं आणि पुढं आंबापाणीला भिल्लांनी लढाई दिली. आम्ही त्याला मानतो, कारण तो आपल्या मुलखासाठी उठला. पण इंग्रजांच्या बाजूनं बघा. त्यांना वाटलं होतं, पगार आपला म्हणजे माणूस आपला. देहरादूनला तसंच वाटलं असणार. ज्याच्या हातात बंदूक देता त्याचा स्वतःचा मुलूख असतो, स्वतःचा राग असतो, आणि तो तुमच्या फायलीत मावत नाही.

श्रीलंकेनंतर मी काश्मिरात दोनदा राहिलो. तिथं आलेली कितीतरी हत्यारं अफगाणिस्तानच्या लढाईतली होती. अमेरिकेनं मुजाहिदीनांसाठी पाठवली, पाकिस्तानच्या हातून वाटली गेली, आणि उरलेली आमच्या अंगावर आली. रात्री नाक्यावर बसून आम्ही पाकिस्तानला शिव्या द्यायचो आणि त्या शिव्या अगदी योग्य होत्या. पण शिवी देताना दर वेळी मला विहिरीपाशी पडलेला तो पोरगा आठवायचा आणि शब्द घशात अडकायचा. २०१४ च्या डिसेंबरात पेशावरच्या शाळेत शंभराहून जास्त लेकरं मारली गेली. मारणारे त्याच झाडाला लागलेलं फळ होते, जे पाकिस्ताननं स्वतः लावलं, स्वतः पाणी घातलं. त्या दिवशी मला आनंद झाला नाही. माझी नात तेव्हा बालवाडीत होती.

पारावरच्या पोरांना मी हे सगळं सांगितलं. दोन सकाळी लागल्या. त्यांनी ऐकलं. पण ती पोरं धोरण ठरवत नाहीत, आपण ठरवता. निदान आपल्या सभागृहानं ठरवावं अशी माझी समजूत आहे. म्हणून आता मागणं मांडतो.

रॉ ही आपली परदेशांतल्या हेरगिरीची संस्था १९६८ साली उभी राहिली. तिच्यासाठी संसदेनं आजवर कायदा केलेला नाही. २०११ साली खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांवर संसदीय देखरेख असावी म्हणून खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच विरून गेलं. मी हेरगिरीच्या विरोधात नाही. हेरानं आणलेल्या खबरीनं माझा जीव वाचलेला आहे. सगळं उघड करा असंही मी म्हणत नाही. पण परक्या देशातल्या सशस्त्र गटाला शिकवणं आणि शस्त्रं देणं ही खबर काढणं नव्हे. ती लढाई आहे, फक्त दुसऱ्याच्या हातानं सुरू केलेली, आणि ती कधी ना कधी आमच्या हातात येते. असा निर्णय घेताना बंद दाराआड का होईना, सर्वपक्षीय खासदारांच्या एका छोट्या समितीला लेखी कळवणं सरकारवर बंधनकारक असावं. अमेरिकेत अध्यक्षाला अशा कामाची लेखी मंजुरी देऊन तिथल्या संसदेच्या समित्यांना कळवावं लागतं. त्यानं अमेरिकेच्या चुका थांबल्या असं नाही, पण निदान चूक कुणाची ते कागदावर राहतं. त्या समितीपुढं फौजेचंही मत यावं. १९८३ साली एखाद्या सेनाधिकाऱ्याला कुणी विचारलं असतं की उद्या ही पोरं उलटली तर काय, तर त्यानं नकाशा मागितला असता.

दुसरं, फायली. संरक्षण मंत्रालयानंच जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की युद्धं आणि मोहिमा यांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांत खुली करायची. १९९० मध्ये २५ मिळवा. ती मुदत २०१५ लाच संपली. छावण्या कुणाच्या हुकमानं सुरू झाल्या, टेलोची माणसं मारली गेल्यावरही त्या का चालू राहिल्या, १९८९ मध्ये ती पोरं उचलून आणली जात असताना कुणी सही केली, हे देशाला कळू द्या. राजीव गांधींच्या हत्येमागच्या कटाची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाचा अंतरिम अहवाल १९९७ मध्ये आला तेव्हा छावण्यांचा विषय निघाला होता. पण त्याचा उपयोग एक सरकार पाडण्यापुरता झाला. सरकार पडलं, विषय संपला. आपले पक्ष वेगळे असतील, या विषयात कुणा एका पक्षाला झोडपायला मी हे देत नाही. चौघांनी मिळून एक प्रश्न विचारा. एकत्र विचारा.

आणि स्मरणाचं. कोलंबोजवळ श्रीलंकेच्या सरकारनं आपल्या जवानांचं स्मारक बांधलं आहे, नावं कोरली आहेत. २०१५ साली आपले पंतप्रधान तिथं जाऊन नतमस्तक झाले. चांगलं वाटलं मला. पण आमच्या चार जिल्ह्यांतल्या... चुकलो, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या त्या मोहिमेत गेलेल्यांची साधी यादीसुद्धा कुठल्या चौकात लावलेली मी पाहिलेली नाही. कारगिलच्या दिवशी शाळेतली लेकरं गाणी म्हणतात. श्रीलंकेचं नाव घेतलं की शिक्षक माझ्याकडं बघतात आणि विचारतात, तिथं आपली लढाई कधी झाली होती?

माझ्या जोडीदाराची माय आता नाही. जाण्याआधी दोन वर्षं तिला फारसं दिसत नव्हतं. मी भेटायला जायचो, ती आवाजावरून ओळखायची. तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, आणि मीही कधी काढला नाही. त्याचा भाऊ त्याच घरात राहतो. ट्रंक माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि पलटण. आत त्याची कपड्यांची घडी, एक जर्सी आणि खोक्यात बंद असलेला जपानी टू-इन-वन आहे, जो त्यानं जाफन्यात पगार साठवून मायसाठी घेतला होता. अहिराणी गाण्यांच्या कॅसेट लावायच्या म्हणून. तिनं तो कधी उघडला नाही.

येत्या आखाजीला मी त्यांच्याकडं असेन. आपल्यापैकी कुणी त्या बाजूला आलात तर अर्धा तास द्या. भावाशी मी बोलून ठेवतो, तो माळ्यावरून ट्रंक खाली काढेल.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
अमळनेर तालुका